दानाचं गवत

जानेवारीच्या शेवटी दोन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी थंडीने तो पाऊस जागच्या जागी गोठवला. डोंगरउतारावरच्या बर्फावर काचेसारखा थर बसला. खालचं वाळकं गवत त्यातून दिसत होतं, पण तोंड पोचत नव्हतं. घोड्यांनी दोन दिवस खुरांनी थर फोडून पाहिला. मग त्यांचे घोटे रक्ताळले आणि त्यांनी नाद सोडला. मेंढ्यांना तर तेवढंही जमलं नाही. चोलोक-बुलाक गावची सगळी जनावरं खाली वस्तीत आली आणि घरोघरच्या गंजींकडे तोंड करून उभी राहिली. जुत, जनावरांचा हिवाळी दुष्काळ, पडला होता. हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नव्हतं, पण जो तो दिवसातून चार वेळा आपल्या गंजीभोवती चक्कर मारून येत होता.

गंजी आधीच लहान होत्या, कारण उन्हाळा कोरडा गेला होता. ज्यांच्या घरात गवत कापायला पुरुष नव्हता त्यांच्या गंजी कमरेएवढ्याच होत्या. अशा घरांसाठी गावाने मदतघर चालवलं होतं. सरकारी शेताच्या काळात जिथे मेंढ्यांची लोकर कातरत त्या लांबट शेडमध्ये गावकरी आपल्या मर्जीने गवत आणून टाकत आणि दर गुरुवारी गरजू घरांना तिथून वाटप होई. कारभार तिघांकडे होता. गावचे वडीलधारे मोल्दोकुल अक्साकाल चौऱ्याऐंशी वर्षांचे, गावातली सर्वांत पांढरी दाढी. साबिर्दीन मास्तर निवृत्त, वहीत नावं लिहायचे. आणि अनारकान, जिला सगळं गाव मानाने एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. तिने पंचवीस वर्षं सरकारी शेतात चाऱ्याचं काम केलं होतं. कुठलं गवत घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं हे तीच ठरवायची.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. देणाऱ्याला वाटतं, आपण दिलं म्हणजे पुण्य झालं. ते कुजकं निघालं आणि त्याने कुणाची गाभण गाय मेली, तर शिव्या मदतघराला.

त्या गुरुवारी कुबात नावाचा तिशीचा गडी गाढवावर तीन भारे लादून आला. एजेने बाही दंडापर्यंत मागे सारली, हात कोपरापर्यंत भाऱ्यात खुपसला आणि डोळे मिटून थांबली. मग मूठभर गवत बाहेर काढून नाकाशी धरलं.

"आत ऊब आहे," ती म्हणाली. "ओलं रचलंस. बुरशी धरलीय."

"वरचं चांगलंय की, एजे."

"वरचं चांगलं, आतलं नासकं. तुझ्या लग्नातली मेजवानीही अशीच होती."

रांगेतल्या बायका हसल्या. कुबात हसला नाही. "घ्या हो एजे. आता हे परत घेऊन सगळ्या गावातून जाऊ?"

"मागच्या वाटेने जा."

"मागच्या वाटेला तुमच्या जावेचं घर आहे. ती तर दारातच बसलेली असते."

एजेला हसू आलं, पण तिने गवत घेतलं नाही. परत नेलेला भारा म्हणजे गावातून उघडं फिरण्यासारखंच. कुबात मान खाली घालून गाढव हाकत निघून गेला. आता वर्षभर तो आपल्याला सलाम करणार नाही, हे एजेला ठाऊक होतं. असे सलाम न करणारे गावात बरेच झाले होते.

त्याच्या मागे कान्यिमबुबू आजी उभी होती. तिने पाठीवरून अर्धं पोतं गवत आणलं होतं. आजीच्या घरी एकच मेंढी होती आणि तीही मदतघराच्या यादीत होती.

"आजी, हे घरी ने. तुझ्याच मेंढीला लागेल," एजे म्हणाली.

"का? माझं गवत सडकंय?"

"गवत लाखाचं आहे. पण तू इथून नेणार आणि इथेच आणून देणार, याला काय अर्थ?"

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी एवढी भिकारी झाले का गं, की मला द्यायचीही बंदी? नुसतं घ्यायचं, घ्यायचं, घ्यायचं?"

एजेने पोत्यात हात घालून एक मूठ काढली आणि शेडमधल्या ढिगावर ठेवली. "मास्तर, लिहा. कान्यिमबुबू." बाकीचं पोतं तिने आजीच्या पाठीवर परत बांधून दिलं. आजी ताठ मानेने गेली. त्या दिवशी शेडमध्ये अठरा भारे उरले होते. यादीत एकतीस घरं होती.

एकतिसावं घर एजेचं स्वतःचं होतं. मुलगा परदेशात बांधकामावर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घरात सून गुलसायरा आणि सव्वा वर्षाची नात सेझिम. आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी, हा नियम एजेने स्वतःच घातला होता. त्याचा सुनेला किती राग येतो हे ती जाणून होती आणि त्याबद्दल बोलणं टाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गोठ्यात गेल्या. बांडी गाय खाली बसलेली होती. सात महिन्यांची गाभण होती. पोट तेवढं मोठं, बाकी सगळी हाडं. कमरेची दोन हाडं कातड्यातून अशी वर आली होती की त्यांवर टोपी अडकवावी.

"दोर घे," एजे म्हणाली.

गुलसायराने गायीच्या पोटाखालून रुंद पट्टा सरकवला, दोन्ही टोकं वरच्या आढ्यावरून घेतली. एकीने ओढायचं, एकीने शेपटीच्या बुंध्याशी खांदा लावायचा. पहिल्या खेपेला गाय अर्धी उठली आणि परत बसली. दुसऱ्या खेपेला उठली. पाय लटपटत होते. एजे तिच्या बगलेला टेकून उभी राहिली आणि कोरड्या पोतेऱ्याने तिचे पाय चोळत राहिली.

"किती दिवसांचं आहे?" गुलसायराने गंजीकडे बघत विचारलं. तिला माहीत होतं. तरी रोज विचारायची.

"बारा. हात आखडला तर सोळा."

"आणि एप्रिल अजून दोन महिने."

एप्रिलात गाय विणार होती. तेव्हा दूध, दही, पोरीच्या तोंडाला काही तरी. आत्ता सेझिम काळ्या चहात बुडवलेली भाकरी खात होती आणि कप पुढे करून पांढरा चहा मागत होती.

गाय उभी राहिल्यावर गुलसायराने हात झटकले आणि म्हणाली, "आई, सादिरबेकचा माणूस आला होता. तुम्ही शेडवर होतात तेव्हा. दोन ट्रक गवत देणार म्हणे. मदतघराला."

एजेचे हात थांबले. दोन ट्रक! यादीतल्या सगळ्या घरांना मार्च संपेपर्यंत पुरलं असतं. आणि लगेच मागोमाग भीती आली.

"कुठलं गवत?"

"त्याच्याकडे दुसरं कुठलं असणार? कोक-सायचं."

कोक-साय म्हणजे गावाच्या वरचं कुरण. पिढ्यान्‌पिढ्या सगळं गाव तिथे गवत कापायला जायचं. तीन वर्षांपूर्वी सादिरबेकने कुठूनसा कागद आणला आणि कुरणाला तारेचं कुंपण घातलं. गावाने कोर्टात दावा लावला. कागद खरा की खोटा याचा निकाल कोर्टाला लावता येईना. शेवटी ठरलं की एप्रिलात कोर्टाचा साहेब गावात येईल आणि म्हाताऱ्यांना विचारील, हे कुरण कुणाचं? म्हातारे म्हणजे पहिले मोल्दोकुल. त्यांनी आयुष्यात खोटं सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बदल्यात काय पाहिजे त्याला?"

"काही नाही. एक मेंढी कापणार, गावाला जेवण देणार आणि अक्साकालांनी बाता द्यायची, नुसता आशीर्वाद. बस्स."

"बस्स," एजे म्हणाली.

दुपारी तिघं कारभारी शेडच्या कोपऱ्यात लोकरीच्या नमद्यावर बसले. मधे चहाची किटली होती, पण कुणी ओतून घेत नव्हतं.

"सरळ आहे," मास्तर म्हणाले. "अक्साकाल हात वर करून म्हणणार, तुझं कुरण हिरवं राहो, तुझ्या गवताला बरकत येवो. सगळं गाव ओमिन म्हणणार. मग एप्रिलात साहेब विचारील, कुरण कुणाचं? तेव्हा अक्साकाल काय सांगणार?"

मोल्दोकुल दाढी कुरवाळत राहिले. "ज्या तोंडाने बाता दिली त्याच तोंडाने दुसरं कसं बोलू?"

"म्हणूनच म्हणतो, घ्यायचंच नाही."

"आणि जनावरं?" मोल्दोकुल म्हणाले. "जुतात कुणी गवत नाकारलेलं मी पाहिलं नाही. माझा बाप पाहिला असेल तर ठाऊक नाही."

"एकदा कुरण गेलं की दरवर्षी जुत, अक्साकाल."

"दरवर्षी जुत असेल, मान्य. पण बुर्माकानच्या चार बकऱ्या मंगळवारी मेल्या. तिला पुढच्या वर्षाचं काय सांगतोस?"

मग दोघांनी एजेकडे पाहिलं. दोघांनाही आपापलं बोलून मोकळं व्हायचं होतं आणि निर्णय तिच्यावर टाकायचा होता. तिला दोघांचाही राग आला. तिच्या डोळ्यांसमोर गायीच्या कमरेची हाडं होती आणि आपण गायीमुळे हो म्हणतोय की गायीमुळेच नाही म्हणतोय, हे तिचं तिलाच कळेना.

"घ्यायचं," शेवटी ती म्हणाली. "पण मेंढी नाही, जेवण नाही, बाता नाही. शेडसमोर रस्त्यावर टाकावं आणि जावं. रस्ता सगळ्यांचा आहे. कुठून आलं ते आम्ही विचारणार नाही, त्याने सांगायचं नाही."

मास्तरांनी भुवया चढवल्या. "तो मानेल?"

"विचारून बघा."

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सादिरबेकने मानलं होतं. "एजे म्हणतील तसं," असा त्याचा निरोप होता. एजेला बरं वाटायला हवं होतं. तिला रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी दोन्ही ट्रक आले. सगळं गाव आधीच शेडसमोर उभं होतं. लोकांनी ओढगाड्या आणि दोरखंड आणले होते. बुर्माकान सगळ्यांच्या पुढे उभी होती, ओठ निळे पडलेले. पहिल्या ट्रकवरचं गवत दोरांच्या वर फुगलं होतं. वाऱ्याची झुळूक आली आणि रानओव्याचा वास सगळ्यांच्या अंगावरून गेला. एक म्हातारा घोडा रस्त्याच्या कडेला बांधलेला होता, तो हिसडे देऊन खिंकाळायला लागला.

सादिरबेक ट्रकच्या केबिनमधून उतरला. पन्नाशीचा, धिप्पाड, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. त्याने मोल्दोकुलांना दोन्ही हातांनी सलाम केला, मग एजेला.

"तुमच्या अटी मान्य, एजे. मेंढी आणली नाही. पण माझी माणसं पहाटेपासून थंडीत आहेत, तुमचीही उभी आहेत. दोन घोट चहा तरी होऊ द्या."

त्याच्या माणसांनी तोवर काहिलीखाली जाळ घातलाही होता. थंडी अशी होती की पापण्यांवर बर्फ जमत होतं. चहाला कोण नाही म्हणतं? एजे म्हणाली, "प्या की. चहाला काय हरकत आहे." आणि बाही मागे सारून ट्रकवर चढली.

तिची चूक तिथे झाली. नंतर ती कित्येक दिवस स्वतःला त्यासाठी बोल लावत राहिली. साठ वर्षं ज्या गावात काढली त्या गावात चहाबरोबर भाकरी येते, भाकरीबरोबर जेवणाचं वस्त्र, दस्तरखान, येतं, आणि दस्तरखानावरून हात वर करून बाता झाल्याशिवाय कुणी उठत नाही, हे तिला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. पण तिचं सगळं लक्ष गवताकडे होतं.

गवत उत्तम होतं. तिने हात कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. आत कोरडं, गार, मऊ. काड्या हिरव्या होत्या, पानं गळलेली नव्हती. मधूनमधून लसूणघासाची जांभळी फुलं, अजून रंग न गेलेली. असं गवत गायीच्या पुढे टाकलं तर ती आठ दिवसांत आपल्या पायांनी उठेल. एजेने मूठभर काढलं आणि तोंडात घालून चावलं. तिला वाटलं, आता रडू येईल. तिने खाली खूण केली आणि सादिरबेकच्या गड्यांनी दाताळ्यांनी पहिले भारे खाली लोटायला सुरुवात केली. एक, दोन, सहा.

खाली दस्तरखान पसरलं होतं. मोल्दोकुलांना वरच्या जागी बसवलं होतं, पाठीला उशी दिली होती. म्हाताऱ्याने भाकरी मोडली, लोणी लावून खाल्ली, तीन कप चहा प्यायला. त्याचं तोंड थंडीने आणि उबेने लाल झालं होतं. आजूबाजूला साठ-सत्तर माणसं कपाने हात शेकत होती. मग सादिरबेक गुडघ्यांवर पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "अक्साकाल, माझ्या कोक-सायच्या गवतासाठी हात वर करा."

आणि मोल्दोकुलांचे हात उचलले गेले. यात कपट नव्हतं, भीती नव्हती, लोभही नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षं प्रत्येक जेवणानंतर ते वर गेले होते, तसेच आजही गेले. दोन्ही तळवे आकाशाकडे. त्यांच्या मागे सगळ्या गावाचे हात वर झाले, शेतातलं पीक एका वाऱ्याने वाकावं तसे.

"बरकत येवो," म्हातारा सुरू झाला. त्याचा आवाज अजूनही खणखणीत होता. "तुझ्या घराला मुलंबाळं येवोत. तुझ्या मेंढ्यांना जुळी होवोत..."

ट्रकवर एजेने तोंडातलं गवत थुंकलं. खाली हात वर केलेल्या लोकांत तिला गुलसायरा दिसली. पोर पाठीला बांधलेली, तळवे वर, डोळे मिटलेले. सून मनापासून मागत होती.

"तुझ्या कुरणावर..." म्हातारा म्हणाला.

बाता चालू असताना मधे बोलायचं नसतं. लहान मूल रडलं तरी आई त्याचं तोंड दाबते. बाईने बोलायचं तर प्रश्नच नाही. एजेने असं आयुष्यात पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

"हात खाली घ्या!" ती ओरडली.

आवाज तिचाच होता, पण तिला तो परका वाटला. सगळ्यांनी माना वर केल्या. मोल्दोकुल तोंड उघडं ठेवून थांबले. हात तसेच वर.

"हात खाली घ्या, अक्साकाल. तुमच्या पाया पडते. तुम्ही कशावर बाता देताय ते बघा."

"ही बाई वेडी झाली," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "मधे बोलली! बातेच्या मधे!"

सादिरबेक उठून उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख झाल्यासारखा भाव होता. "एजे, मी तुमच्याकडे काय मागितलं? म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद. तोही जड झाला?"

"तू कुरण मागितलंस."

"मी गवत दिलं."

"ते गवत आमचं आहे!" एजे गवतात गुडघ्यापर्यंत रुतली होती. "ही सून तिथे तुझ्या रोजावर कापायला होती, उन्हाळाभर. ही आयनाश होती, ती बुर्माकानची लेक होती. कुरण आमचं, हात आमचे. आमचं म्हणून टाक, सगळं उतरवून घेते. तुझं म्हणून देणार असशील तर नको."

कोणी हलेना. आता गोष्ट उघड्यावर आली होती. कुणाला पहिल्यांदा कळली असेल, कुणाला आधीच ठाऊक असून त्याने चहाबरोबर गिळली असेल. सगळ्यांच्या नजरा मोल्दोकुलांच्या हातांवर होत्या. ते अजून हवेतच होते. तोंडावरून फिरले की बाता पुरी झाली. म्हाताऱ्याने सादिरबेककडे पाहिलं, मग खाली पडलेल्या सहा भाऱ्यांकडे. मग त्याने हळूहळू हात उलटे केले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"ओमिन!" बुर्माकान किंचाळली. तिने एकटीने तोंडावरून हात फिरवले आणि धावत जाऊन एका भाऱ्याला मिठी मारली. "ओमिन, ओमिन! मला पाहिजे. मला कुरण नको, मला आज पाहिजे!"

तिच्यामागे कुणी गेलं नाही. पण तिला ओढून बाजूला करायलाही कुणी गेलं नाही.

"भरा परत," सादिरबेक आपल्या गड्यांना म्हणाला. आता मात्र त्याच्या आवाजात राग होता. गडी एकमेकांकडे बघत राहिले. त्यांतले दोघे याच गावचे होते. त्यांनी दाताळी खाली टाकली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

तेव्हा एजे ट्रकवरून उतरली. तिने दाताळं उचललं आणि पहिला भारा टोचून वर फेकला. साठीच्या बाईला वाळल्या गवताचा भारा डोक्यावर उचलणं सोपं नसतं. दुसऱ्याला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. पाचवा भारा बुर्माकानच्या मिठीत होता. एजे तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघी एका वर्षाच्या, एकाच शाळेत गेलेल्या.

"सोड, बुर्मा."

"तुझ्या गायीला मरण येवो," बुर्माकान म्हणाली. "तुझ्या घरात दूध न दिसो."

एजेने तिची बोटं एकेक करून सोडवली. एकतीसच्या एकतीस घरांची माणसं बघत होती. गुलसायरा बघत होती, मग तिने पाठ फिरवली आणि घरी चालू लागली. सहावा भारा वर गेला. ट्रक फिरले आणि चढावाला लागले, आणि रस्त्यावर सांडलेल्या काड्या वेचायला कोंबड्या आल्या.

त्यानंतर गावात कुणी एजेशी धड बोललं नाही. मास्तर बोलायचे, पण हळू आवाजात. मोल्दोकुल घराबाहेर पडले नाहीत. गुरुवारी शेडमध्ये वाटायला सात भारे होते. लोकांनी आपापल्या छपरांवरचं जुनं, करपलेलं गवत काढून आणलं. एजेने ते झटकून, धुळीसकट निवडून घेतलं, कारण आता निवडायला काही उरलं नव्हतं. विलोच्या फांद्या तोडून आणल्या, त्यांची साल सोलून जनावरांना घातली. कुबातच्या दोन मेंढ्या मेल्या. कान्यिमबुबू आजीची एकुलती एक मेंढी जगली. आजी स्वतःची गादी उसवून तिला आतलं गवत घालत होती, असं लोक म्हणत.

घरात गुलसायरा कामापुरतं बोलायची. सकाळी दोर, पट्टा, खांदा. एक दिवस गायीला उठवायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला हाक मारावी लागली आणि ती आली नाही. तिसऱ्या दिवशी गाय उठली नाही. तिने मान जमिनीवर पसरली होती आणि नाकपुड्यांतून वाफ येत होती, थोडी थोडी.

"मेली तर मांसही हराम होईल," गुलसायरा म्हणाली. "सुरी कोण धरेल?"

एजे स्वतः कुबातच्या दारात गेली. तो दारात येऊन उभा राहिला, तिच्याकडे न बघता. मग आत जाऊन सुरी घेऊन आला आणि काही न बोलता तिच्या मागे चालू लागला. काम त्याने नीट केलं. पोट उघडल्यावर वासरू निघालं. त्याचे खूर अजून मऊ होते, पिवळसर, आणि अंगावर ओले काळेपांढरे केस. गुलसायरा गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून एजेला कळलं की ती रडतेय, आणि जवळ जायचा धीर एजेला झाला नाही.

मांस निळसर होतं, त्यात चरबीचा ठिपकाही नव्हता. कुबात आपला वाटा न घेताच गेला.

ती दुपार गुरुवारची होती. एजे हात धुऊन शेडवर गेली, कारण जायलाच हवं होतं. रांग होती, पण शेडमध्ये दोनच भारे होते. बुर्माकान पहिली होती. तिची एक बकरी उरली होती. गाय कापल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती खाली बघत होती.

तेवढ्यात बर्फावरून ओढगाडी घासत आल्याचा आवाज झाला. गुलसायरा होती. दोर कमरेला बांधून ती वाकून ओढत होती. मागे पोर गाडीवर बसलेली, आणि पोरीभोवती घरातलं उरलंसुरलं सगळं गवत. तीन भारे आणि एक पोतं. तिने गाडी दारात आणली, पोरीला काखेत घेतलं आणि एक एक भारा आत टाकला.

मास्तरांनी पेन उघडलं. "कुणाच्या नावावर लिहू?"

"लिहा काहीही," गुलसायरा म्हणाली. "आम्हाला आता लागत नाही."

एजेने पहिला भारा उचलून बुर्माकानच्या हातात दिला. बुर्माकानने तो घेतला. बाई भारा छातीशी धरून रांगेतून बाहेर पडली.

"आई," गुलसायरा म्हणाली. किती तरी दिवसांनी तिने ही हाक मारली होती. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "एप्रिलात कुरण नाहीच मिळालं तर?"

रांगेतले सगळे एजेकडे बघायला लागले. त्यांनाही हेच विचारायचं होतं. मास्तरांचं पेन थांबलं.

"तर मी चुकले," एजे म्हणाली. "तर गाय मी मारली. तुमची सगळ्यांची जनावरं मी मारली."

गुलसायरा तिच्याकडे बघत राहिली. पोर तिच्या काखेत चुळबुळ करायला लागली. मग तिने रिकाम्या ओढगाडीचा दोर उचलला, त्याचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं सासूच्या हातात दिलं.

"वाटप उरका लवकर," ती म्हणाली. "मांसाला मीठ लावायचंय. माझ्या एकटीच्या हातून होणार नाही."